बोलपटापासून दूरदर्शनापर्यंत : पु. ल. देशपांडे यांची एक वाटचाल



गेल्या भाद्रपदांत, गणेशचतुर्थीला दोनच दिवस उरले असतांना, रोह्याचा एक गृहस्थ माझ्या पेणच्या घरीं आला. गृहस्थ कसला, मला तो अजून मुलगाच वाटतो. नोकरीचीं शेवटचीं कांहीं वर्षें मी रोह्याला मराठी शिकवीत असें, तेव्हांचा हा माझा विद्यार्थी. दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी त्यानें मुद्दाम पेणला सोडली होती. चहा होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, मी आठ वर्षें मालिकांचे संवाद लिहितों आहे. रोज लिहितों. पण हें लिहिणं आहे का, तें तुम्ही मला सांगा."

रोहें हें चिंतामणराव देशमुखांचें गांव. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर ज्या गांवानें दिले, त्या गांवच्या मुलानें बँकेंत शिरावें अशी घरच्यांची इच्छा असल्यास नवल नाहीं. या मुलानें ती इच्छा मोडून लेखणी धरली, आणि आतां ती लेखणीच त्याला परकी वाटूं लागली होती. दिवसाकाठीं एक भाग लिहावयाचा. सकाळीं लिहिलेलें वाक्य दुपारीं कोणी दुसराच बदलतो. रात्रीं तें तिसऱ्याच्या तोंडीं येतें. नामावलींत याचें नांव इतक्या वेगानें सरकतें कीं, त्याच्या आईला तें अजून एकदांहि वाचतां आलेलें नाहीं. मोबदल्याची कथा त्यानें सांगितली, ती मी येथें सांगत नाहीं. मीं त्या दिवशीं त्याला उत्तर दिलें नाहीं. उत्तर देण्याऐवजीं त्याला एका माणसाची हकीकत सांगावी असें मनांत आलें. पण गाडीची वेळ झाली. ती हकीकत आज आपणांसमोर सांगत आहें. रोह्याला तो ती ऐकत असेल अशी आशा आहे.

हा माणूस म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. पु. ल. म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढें 'बटाट्याची चाळ' येते, 'व्यक्ति आणि वल्ली' येते, तुडुंब भरलेलें नाट्यगृह येतें. त्या पु. लं.बद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. माझा विषय त्याच्या अलीकडचा आहे. १९४७ ते १९५३ या वर्षांत हा गृहस्थ बोलपटांच्या धंद्यांत होता, १९५५ सालीं तो नभोवाणींत गेला, आणि १९५९ सालीं, दूरचित्रवाणी ही वस्तु बहुतेक हिंदी लोकांनीं ऐकलीहि नव्हती तेव्हां, तो दिल्लींत तिचे कार्यक्रम उभे करीत होता. पडद्यासाठीं लिहिणारा मराठी लेखक दूरदर्शनाचा निर्माता कसा झाला, आणि तेथेंहि कां थांबला नाहीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

प्रथम माझी स्वतःची एक आठवण सांगतों.

आमचें घर पेणच्या कुंभारआळीच्या जवळ. माझे वडील गणपतीच्या एका कारखान्यांत कामाला होते. शाडूची माती मळणें, साच्यांतून मूर्ति काढणें, सांधे पुसणें, रंग देणें, हीं कामें अनेक हात करीत. वडिलांकडे एकच काम असे : आखणीचें. म्हणजे डोळे. रंगून तयार झालेल्या मूर्तींची रांग त्यांच्यापुढें लागे आणि बारीक कुंचल्यानें ते एकेका मूर्तीला दृष्टि देत. गिऱ्हाईक मूर्तीकडे पाही, तें प्रथम डोळ्यांकडे. तरीहि ते डोळे कोणीं रेखले याची चौकशी कोणी करीत नसे. पावतीवर नांव असे तें कारखान्याचें. वडिलांना त्याचें वाईट वाटत असे कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. आमच्या घरीं अशा गोष्टी बोलल्या जात नसत.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माघांत आमच्या गांवीं तंबूंतला सिनेमा आला होता, आणि फलकावर नांव होतें 'गुळाचा गणपति'. आतां पेणला शाडूचा गणपति माहीत, मातीचा माहीत. गुळाचा गणपति ही चेष्टाच वाटली. आळींतलीं सारीं मुलें त्या नांवासाठींच गेलीं. वडीलहि आले, हें आश्चर्यच. कारण ते सिनेमाला जात नसत. जमिनीवर बसून आम्हीं तो पाहिला. मध्येंच रीळ संपलें कीं अंधार होई आणि मग शिट्ट्या. पडद्यावर एक साधाभोळा, स्वप्नांत रमणारा नायक होता, आणि त्याच्या बावळटपणाला सारा तंबू हंसत होता. परत येतांना वडील एवढेंच म्हणाले, "बोलणारा नि लिहिणारा एकच असावा. जोड कुठं दिसत नाहीं."

त्यांना पडद्यावरचीं नांवें नीट वाचतां आलीं नव्हतीं. पण कारागिराची पारख बरोबर निघाली. १९५३ सालच्या त्या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत आणि दिग्दर्शन हें सर्व पु. लं.चें, आणि नायकाची भूमिकाहि त्यांचीच. 'सबकुछ पु. ल.' हा वाक्प्रचार पुढें महाराष्ट्रांत रूढ झाला, तो याच चित्रपटाच्या निमित्तानें.

एका माणसानें सगळें करावें हा हौसेचा भाग झाला. पण त्याच्या मागें सहा-सात वर्षांची तालीम होती, ती पाहण्यासारखी आहे.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईंत गांवदेवी भागांत झाला. बालपण जोगेश्वरीला व पार्ल्याला गेलें. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नांवानें लिहीत. रवींद्रनाथांची गीतांजलि त्यांनीं अभंगांत उतरविली होती. घरांत असा नाद, हाताला पेटी, गळ्यांत गाणें, आणि दुसऱ्याची लकब उचलण्याची जन्मजात खोड. कायद्याचें शिक्षण झालें, शाळामास्तरकीहि झाली. १२ जून १९४६ रोजीं रत्नागिरीस सुनीता ठाकूर यांच्याशीं विवाह झाला. दुसऱ्या वर्षीं, १९४७ सालीं, 'कुबेर' या बोलपटांत ते पडद्यावर आले. १९४८ सालीं राम गबाले यांच्या 'वंदे मातरम्' मध्यें पति-पत्नी दोघांनींहि कामें केलीं. गीतें ग. दि. माडगूळकरांचीं, संगीत सुधीर फडक्यांचें. हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं. तीं पुढें पुन्हां येणार आहेत.

यानंतर कामाचा सपाटाच लागला. 'मोठी माणसें' चें संगीत त्यांचें. राजा परांजपे यांच्या 'पुढचें पाऊल' मध्यें हंसा वाडकर यांच्यासमोर नायकाची भूमिका. 'देव पावला', 'दूधभाकर', 'अंमलदार', 'देवबाप्पा'. कोठें कथा, कोठें संवाद, कोठें चाली, कोठें नट. 'देवबाप्पा' मधलें मोराला नाचावयास बोलावणारें बालगीत आशा भोसल्यांनीं गाइलें. तें आज सत्तर वर्षें होऊन गेलीं तरी मराठी घरांतलीं मुलें शाळेंत जाण्यापूर्वींच शिकतात. शब्द माडगूळकरांचे, चाल पु. लं.ची. पण चाल कोणाची असें विचारा. दहांतल्या आठांना सांगतां येणार नाहीं. 'गुळाचा गणपति' मधला इंद्रायणीकाठचा अभंग भीमसेन जोशींचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे, आणि तें योग्यहि आहे. त्याची चाल बांधणारा पुन्हां पडद्यामागेंच.

त्या काळच्या मराठी बोलपटाच्या धंद्याची स्थिति थोडी सांगितली पाहिजे. प्रभातसारख्या संस्था पगार देऊन माणसें सांभाळीत. लेखक, वादक, रंगारी, सुतार, सगळे एका छपराखालीं. पुढें व्ही. शांताराम प्रभातमधून १९४२ सालीं बाहेर पडले, आणि १९५३ च्या सुमारास ती संस्थाच मिटली. छप्पर गेलें आणि उरले ते एकेका चित्रपटापुरते जमणारे लोक. कोणी भांडवल आणी, कोणी स्टुडिओ भाड्यानें घेई, चित्रपट चालला तर सर्वांचे, पडला तर कोणाचेच नाहींत. अशा व्यवहारांत लेखक हा सर्वांत स्वस्त माल. फिल्म उधार मिळत नाहीं, दिव्याचें भाडें रोज द्यावें लागतें. संवाद मात्र 'लिहून द्या हो, पुढच्या वेळीं पाहूं' असे मिळूं शकतात. पु. लं.नीं एकाच चित्रपटांत चार-पांच कामें केलीं, यांत हौस होती तशीच कदाचित् निरुपायाचीहि एक बाजू असावी, असा माझा तर्क आहे. वाक्य दुसऱ्यानें बिघडवूं नये असें वाटत असेल तर तें स्वतः बोलावें, चाल बिघडूं नये म्हणून स्वतः पेटीवर बसावें, आणि शेवटीं दिग्दर्शकाच्या खुर्चीवरहि आपणच बसावें.

एक स्पष्ट मत येथें देऊन ठेवतों. 'गुळाचा गणपति' मीं पुढें मोठेपणीं पुन्हां पाहिला. संवाद चोख आहेत, गाणीं तर आहेतच. पण पटकथा म्हणून तो सैल आहे. एक गंमत संपते आणि दुसरी सुरू होते, मध्यें धागा लोंबकळत राहतो. पु. लं.ची प्रतिभा प्रसंगाची होती, माणसाच्या चेहऱ्याची आणि वाक्याच्या वळणाची होती. दोन तासांची गोष्ट एका दोरींत ओवण्याचें काम त्यांना मनापासून आवडत असावें असें वाटत नाहीं. माझ्या या मतावर पु. लं.चे भक्त रागावतील. रागावोत.

आणि याच चित्रपटानंतर पु. लं.नीं बोलपटाचा धंदा सोडला. कीर्ति झाली होती, वय चौतीस. पुष्कळांना तें कोडें वाटलें.

१९५५ सालीं ते आकाशवाणींत आले. त्या सालच्या रामनवमीला, १ एप्रिल रोजीं, पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालें आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणें त्याचीं छप्पन्न गीतें महाराष्ट्रानें ऐकलीं. तें लिहिणारे माडगूळकर आणि त्याला संगीत देणारे फडके. म्हणजे सात वर्षांपूर्वीं 'वंदे मातरम्' साठीं जमलेली तीच माणसें. चित्रपटाच्या धंद्यानें ज्यांना सांभाळलें नाहीं, किंवा ज्यांची पुरती भूक भागविली नाहीं, त्यांना या काळांत नभोवाणीनें आश्रय दिला. पेणला तेव्हां रेडिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याच्या घरीं तो असे त्याच्या ओटीवर त्या दिवशीं सतरंजी पडे, आणि बायका पदर सांवरून, जणूं देवळांत आल्या आहेत अशा बसत. तो काळ मीं पाहिला आहे.

यांत एक विनोदहि आहे. नभोवाणीखात्याचे मंत्री तेव्हां बाळकृष्ण केसकर होते, मराठी माणूस, आणि सिनेसंगीताचे कट्टर वैरी. १९५२ पासून त्यांनीं आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाचीं गाणीं जवळ जवळ हद्दपार केलीं. लोक मग सिलोन रेडिओ लावूं लागले, आणि शेवटीं १९५७ सालीं सरकारला 'विविध भारती' काढावी लागली. अशा खात्यांत सिनेमाला चाली देणारा माणूस निर्माता म्हणून रुजू झाला! पण केसकरांची दुसरी बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. नामवंत लेखक-कलावंतांना 'प्रोड्यूसर' म्हणून खात्यांत आणण्याचें धोरण त्यांच्याच कारकीर्दींतलें. कचेरीच्या चाकोरींत न वाढलेलीं माणसें त्यामुळें ध्वनिक्षेपकापाशीं आलीं.

नभोवाणीनें पु. लं.ना काय शिकविलें? मला वाटतें, एका माणसाशीं बोलावयास शिकविलें. तंबूंत पांचशें माणसें एकत्र हंसतात. रेडिओ ऐकणारा मात्र आपल्या घरीं एकटा असतो, किंवा चार माणसांत असतो. त्याच्याशीं ओरडून चालत नाहीं. १९५७ सालचें 'तुझें आहे तुजपाशीं' हें नाटक याच नोकरीच्या काळांतलें आहे. त्यांतले काकाजी ज्या सैल, घरगुती चालीनें बोलतात, ती भाषा मला नभोवाणीच्या सवयीची वाटते.

१९५८ सालीं पु. ल. लंडनला बी. बी. सी. मध्यें शिक्षणासाठीं गेले. त्या प्रवासाचें 'अपूर्वाई' हें पुस्तक १९६० सालीं निघालें, तें आपल्या सर्वांच्या कपाटांत आहे. आपण तें इंग्रज लोकांच्या गमतीसाठीं वाचतों. पण या प्रवासाचें निमित्त शिक्षणाचें होतें, आणि शिकावयाचें होतें तें हें नवें माध्यम.

नवें, म्हणजे हिंदुस्थानाला नवें. अमेरिकेंत तोंवर घरोघरीं तें पोंचलें होतें, आणि हॉलिवुडच्या लेखकांची तेथें काय गत झाली हें पाहणें उद्बोधक आहे. मोठ्या स्टुडिओंनीं लेखकांना पगारी बांधून ठेवलें होतें. एकाच पटकथेवर चार चार जण लागत, आणि पडद्यावर नांव कोणाचें यावें यासाठीं भांडण. १९३३ सालीं त्यांनीं आपला पटकथालेखकांचा संघ उभा केला, तो मुख्यतः या नांवाच्या आणि पैशाच्या प्रश्नामुळें. पुढें दूरचित्रवाणी आली, आणि स्टुडिओऐवजीं साबण आणि सिगारेट विकणाऱ्या कंपन्या धनी झाल्या. रॉड सर्लिंग नांवाचा एक लेखक होता. १९५५ सालच्या 'पॅटर्न्स' या नाटकानें तो रातोरात गाजला. पण जाहिरातदारांनीं त्याच्या लिखाणांतलीं वर्णद्वेषावरचीं, राजकारणावरचीं वाक्यें एकामागून एक काढावयास लावलीं. तेव्हां त्यानें ठरविलें कीं, आपणच निर्माता व्हावयाचें. त्याची 'ट्वायलाइट झोन' ही मालिका २ ऑक्टोबर १९५९ रोजीं सुरू झाली. अद्भुताचें सोंग घेऊन त्यानें त्यांत तेंच सारें सांगितलें, जें उघड बोलूं देत नव्हते.

ती तारीख मीं मुद्दाम सांगितली. त्याच्या सतरा दिवस आधीं, १५ सप्टेंबर १९५९ रोजीं, दिल्लींत भारतीय दूरदर्शनाचा आरंभ झाला होता. दोहोंत केवढें अंतर! तेथें कोट्यवधि संच आणि कंपन्यांची थैली. येथें एक लहानसा प्रक्षेपक, आकाशवाणीच्या वास्तूंतच थाटलेला स्टुडिओ, आठवड्यांतून दोन दिवस कार्यक्रम, आणि दिल्लींतल्या मंडळांतून मांडलेले मोजके सार्वजनिक संच. लोक एकत्र जमून पाहत, आणि मग त्यावर चर्चा करीत. युनेस्कोनें त्याला मदत केली होती. हेतु लोकशिक्षणाचा होता. साबण विकणारा कोणी नव्हता, पण साबण विकत घेणारा प्रेक्षकहि नव्हता.

या उद्योगाच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. दूरदर्शनवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. जरा विचार करा : तंबूंतल्या पडद्यावर ज्याला पाहून आम्ही मुलांनीं शिट्ट्या मारल्या, तो पार्ल्याचा मास्तर पंतप्रधानांच्या समोर बसला आहे, दिवे तापले आहेत, आणि जें बोललें जाईल तें त्याच क्षणीं बाहेर जाणार आहे. चुकलेलें वाक्य कापण्याची कात्री येथें नाहीं. बोलपटांत बिघडलेला तुकडा पुन्हां घेतां येतो. नाटकांत निदान पडद्यामागून कोणी शब्द सुचवितो. येथें दोन्ही नाहीं. आणि तरीहि समोरच्या माणसाचा चेहरा इतका जवळ कीं, खोटें हंसूं लगेच कळावें. पु. लं.ना असें माध्यम मानवावें असेंच होतें. चेहरा पाहणें आणि तो शब्दांत पकडणें हेंच तर 'व्यक्ति आणि वल्ली' चें काम.

मग ते दिल्लींत कां राहिले नाहींत? राहिले असते तर मोठे अधिकारी होऊन निवृत्त झाले असते. पण दोन-तीन वर्षांत ते नोकरींतून मोकळे झाले आणि १९६१ सालीं 'बटाट्याची चाळ' चे एकपात्री प्रयोग त्यांनीं रंगभूमीवर सुरू केले. रिकामा रंगमंच, एक माणूस आणि बोलणें. मला तो प्रयोग मुंबईला पाहावयास मिळाला. माझ्या शेजारीं बसलेल्या गृहस्थांनीं मध्यंतरांत विचारलें, "बाकीचे नट कुठं आहेत?" चाळींतले सारे भाडेकरी त्यांनीं प्रत्यक्ष पाहिले असल्याखेरीज हा प्रश्न सुचला नसता.

आतां मागें वळून पाहिलें कीं ओळ लागते. बोलपटांत लेखन, संगीत, अभिनय हीं सर्व अंगें एका हातीं आणण्याचा यत्न झाला, पण यंत्र आणि भांडवल दुसऱ्याचें होतें. नभोवाणींत आवाज आपला होता. खातें सरकारचें होतें. दूरदर्शनांत चेहराहि आला; बघणारेच फार थोडे. रंगमंचावर शेवटीं मध्यें कोणीच उरलें नाहीं. पण हें मी आज, सारें माहीत असतांना म्हणतों आहें. त्यांना त्या त्या वेळीं असें दिसत असेल असें नाहीं. प्रत्येक वेळीं घर भाड्याचें, गांव नवें, आणि पुढच्या महिन्याची विवंचना असा संसार त्या दोघांनीं कित्येक वर्षें केला आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पेण हें मुंबईपासून आडव्या रेषेंत फार दूर नाहीं, म्हणून आमच्याकडे हौशी मंडळींनीं कौलांवर उंच काठ्या बांधून तारा लावल्या. वारा आला कीं चित्रांत पाऊस पडे. माझे वडील तेव्हां थकले होते. शेजारच्या घरीं एका संध्याकाळीं पु. ल. पडद्यावर बोलत होते, तें पाहून त्यांनीं मला हळूच म्हटलें, "हा तोच ना, गुळाचा?"

चित्रपटाकडे पु. ल. पुन्हां आले ते जवळ जवळ चाळीस वर्षांनीं. १९९२ सालचा 'एक होता विदूषक'. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचें, गीतें ना. धों. महानोरांचीं, मुख्य भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची; पटकथा व संवाद पु. लं.चे. त्या वर्षीं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालें. तमाशाच्या फडांत वाढलेला एक सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, लोकप्रिय होतो, मग राजकारणी लोक त्याला वापरतात, आणि लोकांना हंसविणाऱ्या या माणसाचें स्वतःचें हंसूं हरवत जातें. पडद्याच्या धंद्याबद्दल पु. लं.ना काय वाटत होतें हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें हा चित्रपट पाहावा. गृहस्थ आयुष्यभर त्या दिवसांविषयीं हंसत हंसत बोलले. या पटकथेंत मात्र हंसणें आवरतें घेतलें आहे. आणि पूर्वीं मीं ज्याला सैलपणा म्हटलें तो येथेंहि थोडा आहे, पण येथें तो खुपत नाहीं. तमाशाच्या वगाला तसा सैलपणा शोभतो.

१२ जून २००० रोजीं पु. ल. पुण्यांत वारले. लग्नाची तारीखहि तीच होती.

एका गोष्टीची खंत मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पु. लं.चीं पुस्तकें आहेत, आवाज आहे, रंगमंचावरचे प्रयोगहि चित्रित झालेले आहेत. पण जुन्या मराठी बोलपटांचें काय? त्या काळची फीत नायट्रेटची. ती आपोआप कुजते आणि ठिणगी लागली तर बारुदासारखी पेटते. पुण्याचें चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. तोंवर कितीतरी प्रति चांदीसाठीं वितळविल्या गेल्या होत्या. आणि जें सांभाळून ठेवलें होतें त्यांतलाहि मोठा भाग जानेवारी २००३ मध्यें तेथल्या एका कोठारास लागलेल्या आगींत गेला. कादंबरीची एखादी प्रत कोठल्या तरी गांवच्या वाचनालयांत सांपडते. पटकथा लिहिणाऱ्याचें लिखाण फितीबरोबर जातें. माझ्या रोह्याच्या विद्यार्थ्याची तक्रार, नांव वेगानें सरकतें ही. त्याच्या आधींच्या पिढीचीं नांवें तर फितीसकट गेलीं.

तो या वर्षीं पुन्हां आला होता. मालिका सोडलेली नाहीं; घर चालवावयाचें आहे. पण रविवारीं तो रोह्याच्या चार-पांच मुलांना जमवून कुंडलिकेच्या कांठीं एक छोटी नाटिका बसवितो आहे, लिहिलेली त्याचीच. मीं विचारलें, वाक्यें कोणी बदलतो का? म्हणाला, "बदलतात सर. मुलंच बदलतात. पण माझ्यासमोर बदलतात."

मग त्याला आखणी पाहावयाची होती. वडील जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं; त्या कारखान्यांत आतां एक तरुण मुलगी डोळे रेखते. आम्ही दोघे दारांत उभे राहिलों. तिनें मान वर केली नाहीं. एक डोळा झाला, कुंचला पुसला, दुसरा डोळा झाला. तो तिला नांव विचारणार तोंच गाडीची वेळ झाल्याचें मीं सांगितलें. तो म्हणाला, "जाऊं द्या सर, पुढच्या गाडीनं जातों," आणि आंत गेला.